असईचं शिवार

इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशर नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर कडेला स्ट्रॅटफील्ड से हे एक लहानसं खेडं. लॉडन नावाची संथ नदी, तिच्या काठची ओली कुरणं, जुनी ओकची झाडं, एक चर्च आणि एक मोठा वाडा. १८१७ मध्ये हा वाडा आणि भोवतालची जमीन ब्रिटिश राष्ट्राने ड्यूक ऑफ वेलिंग्टनला दिली. दोन वर्षांपूर्वी वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला होता, त्याचं हे बक्षीस. जमिनीचा खंड म्हणून ड्यूकच्या घराण्याने दरवर्षी वॉटर्लूच्या स्मृतिदिनी, १८ जूनला, एक लहान फ्रेंच निशाण विंडसरच्या राजवाड्यात हजर करायचं असा रिवाज पडला आणि तो आजही पाळला जातो. त्या लढाईत ड्यूक ज्याच्यावर बसला होता, तो कोपनहेगन नावाचा घोडा १८३६ मध्ये इथेच मेला. त्याला लष्करी इतमामाने पुरलं आणि कबरीवर कोरीव दगड बसवला.

उतारवयात या ड्यूकला कुणीतरी विचारलं, लढाईच्या कामात तुमच्या हातून झालेली सगळ्यात चांगली गोष्ट कोणती? उत्तरात वॉटर्लू आलं नाही. त्याने एकच नाव घेतलं, ‘असई’.

असई जालना जिल्ह्यात आहे, भोकरदन आणि जाफराबाद यांच्या दरम्यान. केळणा आणि जुई या दोन नद्या जिथे एकमेकींकडे झुकत जातात, त्या बेचक्यातलं हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांशी ईस्ट इंडिया कंपनीची लढाई झाली. कंपनीचा सेनापती होता चौतीस वर्षांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली. ड्यूक ही पदवी त्याला पुढे मिळाली.

जगभरच्या लष्करी ग्रंथांत असईचं नाव आहे, पण ते एका दुपारपुरतं. त्या दुपारच्या आधी तिथे गाव होतं, दुसऱ्या दिवशीही होतं, आणि आजही आहे. स्ट्रॅटफील्ड से काय किंवा इंग्लंडातलं दुसरं कुठलंही खेडं काय, त्याची गोष्ट कधी एका दिवसात संपवली जात नाही. तिथे गाव म्हटलं की त्याच्या शिवेचा, झाडांचा, पाण्याचा, माणसांच्या जन्म-मृत्यूचा शेकडो वर्षांचा कागद समोर येतो. असईलाही तसं सगळं आयुष्य आहे. ते लिहिलं गेलेलं नाही, आणि लिहिलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी इंग्लंडातल्या त्या खेड्यांनी हे कसं साधलं ते पाहू. तिथे गावाचं एकक आहे पॅरिश. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीत येणारा मुलूख. त्यातली घरं, शेतं, कुरणं, रानं, सगळी त्या चर्चच्या हद्दीतली. पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा. १५३८ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या कारभाऱ्याने, टॉमस क्रॉमवेलने, हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बारसं, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. त्यामुळे शेतमजुराच्या पोराचंही नाव कागदावर आलं. १६०१ च्या कायद्याने गावातल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर पडली. मग कोण आपल्या गावचा आणि कोण शेजारचा, हा पैशाचा प्रश्न झाला आणि शीव कुठे संपते हे काटेकोरपणे ठाऊक असणं भाग पडलं.

नकाशे नव्हते तेव्हा ही शीव पायांनी लक्षात ठेवत. वसंतात ठरलेल्या दिवशी पाद्री, म्हातारे आणि गावची पोरं मिळून सगळ्या शिवेवरून चालत जायचे. हातातल्या छड्या सीमेच्या दगडांवर आणि झाडांवर आपटायच्या. पोरांना कधी त्या दगडावर आपटायचे, कधी ओढ्यात ढकलायचे, म्हणजे ती जागा ती जन्मभर विसरणार नाहीत आणि साठ वर्षांनी साक्ष द्यायची वेळ आली तर ठामपणे सांगू शकतील. १८९४ च्या कायद्याने चर्चचा कारभार आणि गावचा कारभार वेगळा झाला, तरी पॅरिश हे नाव आणि त्याच्या बऱ्याचशा जुन्या सीमा तशाच राहिल्या.

चर्चभोवती वसलेलं गाव जालन्याला अगदीच अनोळखी नाही. १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. तिथे आले ते बहुतेक मांग आणि महार समाजातले लोक, ज्यांना आपापल्या गावात वेशीबाहेर राहावं लागत होतं. चर्च, शाळा आणि स्वतःची शेतं असलेलं गाव त्यांना पहिल्यांदा मिळालं. बेथेलवर स्वतंत्रपणे लिहायला हवं, इथे एवढा उल्लेख पुरे.

आपल्याकडच्या गावाची बांधणी वेगळी होती, पण शिवेची काळजी तीच. जुन्या मराठी कारभारात गावाचे दोन भाग, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं पडून, राख आणि शेण मिसळून तिथली माती फिकट झालेली असते. काळी म्हणजे शेतजमीन. पांढरीला वेस, काळीला शीव. शिवेवर दगड, झाड, एखादा म्हसोबा. दोन गावांत शिवेचा वाद पडला की पाटील-कुलकर्ण्यांच्या दफ्तरापेक्षा बहुतेक वेळा महाराची साक्ष वजनदार ठरे. येसकर म्हणून रात्री वेस राखणारा, टपाल पोचवणारा, सरकारी माणसाला पुढच्या गावच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडणारा तोच. त्यामुळे कोणता दगड कुणाचा हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसे. काही ठिकाणी त्याने ओली माती किंवा कातडं डोक्यावर घेऊन शीव चालून दाखवायची आणि त्याची पावलं पडतील ती सीमा दोन्ही गावांनी मानायची, अशी रीत होती. ज्या माणसाला गाव वेशीच्या आत घेत नव्हतं, त्याच्याच पावलांवर सगळ्या गावाची जमीन उभी होती. इंग्लंडातल्या पोरांच्या छड्यांची आठवण चर्चच्या वहीत राहिली. या पावलांची नोंद मात्र निवाडपत्रांत अधूनमधून एखाद्या ओळीपुरती सापडते.

असईची काळी म्हणजे दख्खनच्या काळ्या खडकाची माती. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर साचले, त्यांचा बेसॉल्ट झाला आणि त्या बेसॉल्टची झीज होऊन ही माती आली. उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर. त्यात पूर्णा उगम पावते आणि पुढे गोदावरीला मिळते. केळणा आणि जुई तिच्याच पाण्याच्या वाटा. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. शेतकरी तिला भारी जमीन म्हणतो. माळावरची, खाली मुरूम लागलेली ती हलकी किंवा बरड. पावसाची झड संपल्यावर भारी जमिनीत लगेच पाय घालता येत नाही, वाफसा यायची वाट पाहावी लागते. वर्षाचा पाऊस साधारण साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर, तोही लहरी. म्हणून एकाच शेतकऱ्याची थोडी भारी आणि थोडी हलकी जमीन असेल तर ते घर सावरतं. पाऊस जास्त झाला तर हलकी साथ देते, कमी झाला तर भारी.

पिकं बदलत गेली. ज्वारी, बाजरी, कापूस, तूर ही जुनी. आता सोयाबीन आणि मका पुष्कळ. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. बियाण्याचं म्हणाल तर १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालना हे देशातल्या बियाण्यांच्या धंद्याचं मोठं ठिकाण बनलं. शेतकऱ्याच्या घरातल्या कणगीतून बियाणं बाजारातल्या पिशवीत गेलं, त्या बदलाचा एक धागा याच जिल्ह्यातून जातो. जुन्या वाणांपैकी असईच्या शिवारात काय काय पेरलं जात होतं, हे ज्यांनी पेरलं ती माणसं आहेत तोवरच विचारता येईल.

आणि हा परिसर आडवळणाचा होता असंही नाही. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावं आहेत. १९७३ मध्ये इथे नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं. त्यात सातवाहनकाळच्या वस्तू निघाल्या, आणि त्यांत हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुकडा होता. इटलीत पाँपे शहराच्या राखेत तशीच एक हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडलेली आहे, आणि दोन्हींची घडण इतकी जवळची आहे की अभ्यासक त्यांचा एकत्र विचार करतात. पाँपे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. म्हणजे केळणेच्या काठच्या गावांचा रोमच्या व्यापाराशी जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी संबंध होता.

आता ती लढाई. तिच्याकडे मी मुद्दाम शिवाराच्या अंगाने पाहतो, कारण ती जमिनीनेच घडवली.

२१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी जाऊन भोकरदनजवळच्या मराठी फौजेवर एकदम चाल करायची असं ठरलं. २३ तारखेला वेलस्लीला कळलं की ती फौज वाटलं होतं त्यापेक्षा बरीच जवळ, केळणेच्या पलीकडे पसरली आहे. त्याच्याकडे खडी फौज साधारण साडेचार हजार, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे घोडेस्वार. समोर शिंद्यांचं कवायती पायदळ दहा हजारांवर, हजारो घोडेस्वार आणि शंभरावर तोफा. कवायती पायदळाचा मुख्य पोलमन हा जर्मन, हॅनोव्हरचा. बेगम समरूची पलटणही त्यात होती. नदीचे काठ दरडीचे, आणि समोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या. वाटाड्यांनी सांगितलं की दुसरा उतार नाही.

वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं. खाली नदीच्या दोन काठांवर दोन गावं समोरासमोर दिसत होती. इंग्रजी कागदांत त्यांची नावं पीपुलगाव आणि वारूर अशी आहेत. त्याने अंदाज बांधला की दोन गावं एवढी जवळ, नदीच्या दोन्ही अंगांना वसली आहेत तर त्यांच्यात येणं-जाणं असणारच, आणि येणं-जाणं असेल तर उतारही असणार. कॅप्टन जॉन्सनला पाहायला पाठवलं. उतार निघाला. फौज तिथून पलीकडे गेली.

वेलस्लीच्या हुशारीचं हे उदाहरण म्हणून शेकडो पुस्तकांत आलं आहे, आणि ती हुशारी होतीच. पण जे त्याला तर्काने काढावं लागलं ते त्या दोन गावांतल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. बाजाराला जाणारी बैलगाडी, माहेरी निघालेली लेक, पलीकडच्या कुरणात गेलेली गुरं, सगळी तिथूनच उतरत असणार. वाटाड्यांनी नाही का म्हटलं? ते त्या गावांचे नसतील, किंवा फौज आपल्या उभ्या पिकांवरून जावी असं कुणाला वाटेल? कागद याबद्दल गप्प आहेत, आणि गावकऱ्याला कुणी विचारल्याची नोंदही नाही.

नदी उतरल्यावर वेलस्ली ज्या जमिनीवर आला ती केळणा आणि जुई यांच्यामधली निमुळती पट्टी होती. दोन्ही बाजूंना नद्या असल्यामुळे समोरच्या मोठ्या फौजेला त्याला वळसा घालणं अवघड झालं. मैदान आखडल्यामुळे संख्येचा फायदा कमी झाला. पण पोलमनचं पायदळ चांगलं तयार होतं. दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली सगळी ओळ त्याने फिरवून पूर्वेकडे केली आणि डावं टोक असईच्या गावकुसाला टेकवलं. मातीची भिंत असलेलं ते गाव एकदम किल्ला बनलं. ही चपळाई वेलस्लीला अपेक्षित नव्हती.

त्याच्या तोफा म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल ओढत होते. मराठी तोफांनी ते बैल मारले आणि तोफा मागेच ठेवून त्याला पायदळ पुढे काढावं लागलं. उजवीकडची तुकडी रस्ता चुकून थेट असईच्या भिंतीसमोर गेली आणि तिच्या मागे ७४ वी पलटण. गावाभोवतीच्या तोफांनी त्या दोघांची अक्षरशः चाळण केली. मराठी गोलंदाज तोफेजवळ मेल्यासारखे पडून राहिले, शत्रू पुढे गेल्यावर उठले आणि तोफा फिरवून त्याच्या पाठीवर मारा केला. वेलस्लीने स्वतः त्यांच्या धैर्याची नोंद केली आहे. या गोलंदाजांत बहुतेक उत्तर हिंदुस्थानातले आणि दख्खनेतले साधे शिपाई होते. ७४ व्या पलटणीच्या झेंड्यावर आणि बिल्ल्यावर पुढे असई आणि हत्ती आला, पण या गोलंदाजांपैकी कुणाचं नाव कुठे कोरलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत कंपनीचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता होते. त्यांत गोरे होते आणि मद्रासचे देशी शिपाईही. मराठ्यांच्या ९८ तोफा हाती लागल्या. त्यांच्याकडचे मेले किती हा आकडा अंदाजाचाच आहे, पण तो कंपनीपेक्षा मोठा होता. जखमींना अजिंठा गावात नेऊन तिथे इस्पितळ उभारलं. शेजारच्या डोंगरातली लेणी इंग्रजांच्या नजरेस पडली ती आणखी सोळा वर्षांनी, १८१९ मध्ये.

डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह होऊन युद्ध संपलं. गावांचं मात्र तसं संपलं नाही. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनेतल्या वाईट दुष्काळांपैकी एक आहे. पाऊस कमी पडला होता, आणि त्यावर फौजांनी वैरण, धान्य, बैल ओढून नेले. वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे बंजारे तांडे घेऊन फिरत. त्यांच्या गोण्यांतलं धान्य शेवटी कुठल्यातरी गावच्या कणग्यांतूनच आलेलं असे. त्या वर्षी असईत किती घरं उठली, किती पुन्हा वसली, हे इंग्लंडातल्या पॅरिशसारखी बारसं-दफनाची वही असती तर मोजता आलं असतं.

लढाईच्या दिवशी वेलस्लीच्या सोबत घोड्यावर तेवीस वर्षांचा एक मुलकी अधिकारी होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. तोफांच्या माऱ्यात तो त्याच्या बाजूने फिरत होता. पुढे तो पुण्याला रेसिडेंट झाला, पेशवाई बुडवण्यात त्याचा मोठा हात होता, आणि १८१९ मध्ये त्याने जिंकलेल्या मुलखावर एक अहवाल लिहिला. त्यात मराठी गावाचं जे वर्णन आहे ते पुढे फार गाजलं. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार, प्रत्येकाचा हक्क आणि प्रत्येकाचं काम. राज्याला लागणारी सगळी सामग्री लहान प्रमाणात प्रत्येक गावात आहे आणि वरचं सरकार गेलं तरी गाव आपलं आपण टिकून राहील, असा त्याचा निष्कर्ष. गावातली विषमता त्याला पुरेशी दिसली नाही, वेशीबाहेरच्या माणसाला या लहान राज्यात काय मिळतं हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि ही त्या वर्णनातली मोठी उणीव आहे. तरीही ज्या तरुणाने असईचं शिवार तोफांच्या धुरातून पाहिलं, त्यालाच नंतर गाव म्हणजे नेमकं काय हे समजून घ्यावंसं वाटलं, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

ज्या हॅम्पशरमध्ये स्ट्रॅटफील्ड से आहे, त्याच परगण्यात सेलबोर्न नावाचं आणखी एक लहान पॅरिश आहे. तिथे कोणतीही लढाई झाली नाही. तिथला पाद्री गिल्बर्ट व्हाइट आपल्या गावच्या हद्दीत फिरून पाखरं, झाडं, किडे, पाऊस, थंडी टिपत राहिला, आणि १७८९ मध्ये त्याचं सेलबोर्नच्या निसर्गावरचं पुस्तक निघालं. दिसायला अगदी सारखी अशी तीन लहान पाखरं त्याने केवळ आवाजावरून वेगळी ओळखली. गांडुळं जमीन भुसभुशीत करतात, त्यांच्याशिवाय झाडोरा नीट वाढणार नाही, हे त्याने डार्विनच्या कितीतरी आधी लिहिलं. पुस्तक आजपर्यंत छापलं जात आहे. एका गावच्या शिवारापुरतं लिहिलेलं पुस्तक सव्वादोनशे वर्षं वाचलं जातं, कारण लिहिणाऱ्याने एकच जागा ऋतूमागून ऋतू सोडली नाही.

असईचा कागद कुठे आहे? काही आहे. निजामाच्या राज्यात सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हे आखले, नंतर जमिनीची मोजणी सुरू झाली. सरकारी कागद आधी फारसीत, मग उर्दूत, गावपातळीवर मोडीत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद भारतात आलं. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरी अजून जपून ठेवलेलं असतं. पुढे सातबारा, आठ-अ आणि गावनमुने. १ मे १९८१ ला औरंगाबाद जिल्ह्यातून जालना वेगळा झाला. २०२३ मध्ये याच जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला, मराठा आरक्षणाचं उपोषण झालं. त्यानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली, आणि उर्दू-मोडी वाचणाऱ्यांची गावोगाव शोधाशोध सुरू झाली. आजोबा-पणजोबाचं नाव कुठल्या रजिस्टरात कसं लिहिलं आहे यावर नातवंडांचं भविष्य अवलंबून असतं, हे तेव्हा घराघरांत कळलं. पण हे सगळे कागद महसुलाचे. त्यात शेत कुणाचं ते कळतं, बांधावर हिवर होतं की बोर, हे सहसा कळत नाही.

ते लिहायची सोय कायद्याने केलेली आहे आणि फार थोड्यांना तिचं महत्त्व कळलं आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. गावातल्या माणसांनी स्वतः आपल्या हद्दीतली झाडं, पिकांचे वाण, जनावरांच्या जाती, पाखरं, मासे, औषधी वनस्पती आणि त्यांच्याबद्दलची माहिती नोंदवायची. राष्ट्रीय हरित लवादाने २०२० ची मुदत घातली तेव्हा राज्याराज्यांत हे काम पुष्कळ ठिकाणी घाईने उरकलं गेलं. पण नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवायची वस्तू नाही. ती दरवर्षी वाढवता येते आणि तिला कायद्याचा आधार आहे.

असईच्या अशा वहीत सुरुवात कुठून करावी? माझ्या मते पाण्यापासून. केळणेला कोणता डोह कोणत्या महिन्यात आटतो, जुईवर दानापूरला धरण झाल्यापासून खालच्या पात्रात काय बदललं, नदीला कुठे कुठे उतार होते आणि पूल झाल्यावर त्यातले कोणते मोडले. मग प्रत्येक शेताचं बोलीतलं नाव, कारण गट नंबर सरकारला पुरतो, पण वावराची नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी असतात आणि त्यांच्याबरोबर जातात. पांदणीच्या दोन्ही अंगांची झाडं. काळविटांचे कळप कोणत्या पिकात उतरतात आणि शेतकऱ्याचं किती नुकसान करतात, आणि त्याची भरपाई मिळते की नाही. बाजरीच्या, ज्वारीच्या जुन्या वाणांची नावं, चव, किती दिवसांत यायचे. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या घरांना शिवेबद्दल काय माहीत होतं, ते त्यांच्याच तोंडून आणि त्यांच्याच नावाने. नांगरताना लोखंडी गोळे कुणाला सापडले असतील तर कोणत्या वावरात, किती खोलीवर.

हे काम गावातली शाळा सुरू करू शकते. सातवी-आठवीच्या मुलांना गावनकाशाची झेरॉक्स द्यावी आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या जाणत्या माणसाबरोबर सगळ्या शिवेवरून चालवत न्यावं. जिथे दगड असेल तिथे थांबायचं आणि त्याचं नाव लिहायचं.